माप आणि वजन

‘एका वाटीचें वजन किती?’ हा प्रश्न आपण सहज विचारतों; परंतु वाटींत काय भरलें आहे हें कळल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. २४० मिलिलिटर मावणाऱ्या वाटींत पाणी २४० ग्रॅम भरतें, साखर सुमारें २०० ग्रॅम, आणि चाळलेला मैदा अवघा १२० ग्रॅमच्या आसपास. मैद्याच्या कणांमध्यें हवा कोंडलेली असते. तोच मैदा दाबून भरला, तर वाटी बरीच जड होते व केक दगडासारखा बसतो!

आपल्या पूर्वजांस हा भेद ठाऊक होता. धान्य मापण्याचा शेर निराळा, गूळ तोलण्याचा शेर निराळा. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं; घरांतील वाटी मात्र राहिली.

उपाय सोपा आहे. आपली नेहमींची वाटी एकेका जिनसानें भरावी, सुरीनें सपाट करावी व तोलावी. रिकाम्या वाटीचें वजन वजा करून आंकडा लिहून ठेवावा. विद्यार्थिमित्रहो, सुटींत आईजवळ बसून एवढें कराच. तिच्या हातचा अंदाज कागदावर उतरला, तरच तो पुढें आपल्या हातीं राहील.