वाकड्या भिंतींची गोष्ट

मुलांना थोरांची चरित्रे सांगण्याची आपली रीत जुनी आहे. राजा, संत, देशभक्त, शास्त्रज्ञ यांच्या आयुष्यात गोष्टीला लागणारे प्रसंग सहज सापडतात. वास्तुविशारदाचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे कागदावर रेघा ओढतो, बैठकांना जातो आणि पुष्कळदा नकार ऐकून परत येतो. त्याने कल्पिलेल्या इमारतीत आपण वावरतो, पण ती कोणाच्या डोक्यातून निघाली हे सहसा विचारीत नाही. मग अशा माणसाचे चरित्र सहा-सात वर्षांच्या मुलाला थोड्याशा चित्रांत कसे सांगावे? आणि सांगताना जे गाळावे लागते, त्यामुळे ते चरित्र खोटे ठरते काय? हे दोन प्रश्न एका पुस्तकाच्या आधाराने आज आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

ते पुस्तक अमेरिकन लेखिका व चित्रकर्ती जीनेट विंटर यांचे आहे. २०१७ साली इंग्रजीत निघालेल्या या पुस्तकाचे नाव ‘द वर्ल्ड इज नॉट अ रेक्टँगल’. जग म्हणजे काही आयत नव्हे, असा त्याचा अर्थ. चरित्रनायिका आहेत झाहा हदीद. १९५० साली त्यांचा जन्म बगदादमध्ये झाला आणि २०१६ साली त्या निवर्तल्या. २००४ साली वास्तुकलेतील प्रिट्झ्कर पारितोषिक त्यांना मिळाले. तोवर कोणत्याही स्त्रीला ते मिळाले नव्हते.

एवढी माहिती एखाद्या कोशातही सापडेल. विंटरबाई आरंभ करतात तो पारितोषिकापासून नव्हे, तर इराकच्या भूमीपासून. वाऱ्याने लाटा उमटलेली वाळू, नद्या, दक्षिणेकडील पाणथळ प्रदेश, प्राचीन नगरांचे अवशेष आणि घरातील गालिचांवरील एकमेकींत मिसळणाऱ्या आकृती, हे सारे एक मुलगी पाहत आहे. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या त्या पाणथळीत लोक बोरूच्या जाड जुड्या वाकवून, त्यांच्या कमानी करून घरे बांधीत आले आहेत. तेथे भिंत कोठे संपते आणि छप्पर कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. असे घर पाहिलेल्या मुलीला चार उभ्या भिंती व वर सपाट छत हाच घराचा एकमेव आकार कसा वाटावा? हे चित्रांतून एका दृष्टिक्षेपात कळते. मोठ्यांच्या चरित्रग्रंथाला त्यासाठी एक प्रकरण लागले असते.

पुढे झाहा बैरूतला गणित शिकल्या, १९७२ साली लंडनला वास्तुकलेच्या शिक्षणासाठी गेल्या आणि तेथेच त्यांनी आपली कचेरी थाटली. येथून मात्र कथा कठीण होते. १९८३ साली हाँगकाँगमधील टेकडीवरच्या एका क्लबाच्या स्पर्धेत त्यांचा आराखडा पहिला आला. तो बांधला गेला नाही. १९९४ साली वेल्समधील कार्डिफ येथील संगीतनाट्यगृहाची स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी सोडतीच्या निधीचे वाटप करणाऱ्या आयोगाने पैसे नाकारले आणि तोही आराखडा कागदावरच राहिला. २००४ साली कार्डिफच्या त्याच भागात दुसऱ्या वास्तुविशारदाचे कलाकेंद्र उभे राहिले. नकाराचा ठराव एका ओळीचा असतो, पण त्या ओळीखाली कित्येक वर्षांचे काम दडपले जाते, हे समित्यांचे कागद हाताळणाऱ्या माझ्यासारख्यास ठाऊक असते. पुस्तक हा पराभव झाकीत नाही. झाहा स्त्री होत्या, परक्या देशातून आलेल्या होत्या आणि त्यांचे आराखडे सरळ रेषेत बसत नव्हते, हे मुलांना कळेल अशा शब्दांत ते सांगते.

उत्तरार्धात निसर्गातील आकृती आणि झाहा यांच्या वास्तू यांच्या जोड्या लागतात. हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. चीनमधील ग्वांगझू येथे २०१० साली उघडलेले त्यांचे संगीतनाट्यगृह नदीकाठच्या, पाण्याने झिजलेल्या दोन गोट्यांसारखे आहे. अबू धाबीच्या पुलाच्या कमानी वाळूच्या टेकड्यांसारख्या वर चढतात आणि खाली उतरतात. मूल गोटा ओळखते, टेकडी ओळखते. मग इमारतही त्याला ओळखीची वाटू लागते.

आता शंका घेण्याची वेळ आली. झाहा यांच्या आकृती केवळ वाळू आणि नद्या यांतूनच आल्या काय? तसे नाही. विद्यार्थिदशेतील त्यांचा एक प्रकल्प रशियन चित्रकार काझिमीर मालेविच यांच्या कलेवर आधारलेला होता. त्या चित्रकाराच्या पटावर चौकोन आणि पट्टे जणू भार नसल्यासारखे तरंगतात. १९९३ साली पुरे झालेले, जर्मनीतील व्हिट्रा कारखान्याचे अग्निशामक केंद्र ही झाहा यांची पहिली गाजलेली वास्तू. तिच्यात टेकडीची गोलाई नाही. कॉंक्रीटच्या तिरप्या भिंती आहेत आणि भाल्यासारखी टोके आहेत. पुढच्या वास्तूंना आलेली वळणे शक्य होण्यास संगणकाचीही मदत झाली. त्याच्या साह्याने प्रत्येक निराळ्या तुकड्याचे माप काढता येऊ लागले. म्हणजे निसर्ग हा एक उगम. चित्रकला, गणित आणि यंत्र हे इतर.

मग पुस्तक खोटे ठरते का? माझ्या मते अशा चरित्राची कसोटी एकच आहे. मूल मोठे झाल्यावर त्याला या माहितीत भर घालावी लागेल, की ती खोडावी लागेल? भर घालावी लागत असेल तर गाळलेले क्षम्य आहे. बगदादची वाळू पाहिलेल्या वाचकाला पंधराव्या वर्षी मालेविच भेटला, तर वाळू खोटी ठरत नाही. चित्र अधिक भरते. परंतु पराभवाची वर्षे गाळून, ‘ती हुशार होती, म्हणून तिला यश मिळाले’ एवढेच सांगितले असते, तर पहिल्याच अपयशाबरोबर ते चरित्र मुलाच्या मनातून खोडले गेले असते. चरित्रकाराने मुलाला अपुरे सांगावे, पण पुढे परत घ्यावे लागेल असे सांगू नये.

या कसोटीवर एक उणीव मात्र उरते. चित्रकथेचा स्वभावच असा, की तिला एक नायक लागतो. त्यामुळे सारी वास्तू एकाच हातातून उमटली असा भास होतो. वस्तुतः पॅट्रिक शूमाखर १९८८ पासून झाहा यांच्याबरोबर काम करीत होते. पुढे कचेरीत शेकडो माणसे आली. शिवाय भाराचे गणित करणारे अभियंते, साचे बांधणारे सुतार आणि कॉंक्रीट ओतणारे मजूर होतेच. ही भर पुस्तक वाचून दाखविणाऱ्या आईबापांनी त्याच बैठकीत घालावी. ‘ही तिरपी भिंत पडत कशी नाही?’ असे मुलास विचारावे. एक पोस्टकार्ड एका कडेने धरून त्याच्या दुसऱ्या टोकावर एखादे नाणे ठेवावे, कार्ड लवते. तेच कार्ड पन्हळीसारखे किंचित वळवून धरावे. नाणे तोलले जाते. वळणाने सौंदर्याबरोबर बळही येते, हे मुलाला असे हाताने कळते आणि कल्पनेमागे कोणाचा तरी हिशेब असतो हेही त्याच्या ध्यानात येते.

हे पुस्तक मराठी घरात वाचण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या भाषेने सरळपणा हा गुण ठरविला आणि वाकडेपणा हा दोष. माणूस सरळ असावा, चाल सरळ असावी. आणि जो ऐकत नाही तो वाकड्यात शिरला. नीतीच्या प्रांतात हे ठीकच आहे. परंतु तोच न्याय आपण नकळत चित्रकलेच्या वहीला लावतो. मुलाने घराची भिंत वळवून काढली की आपण पट्टी पुढे करतो. पुष्कळदा त्या वळणामागे चुकलेला हात असतो. पण कधी तरी पाहिलेली एखादी टेकडी, ओढा किंवा वाऱ्याने लवलेले शेतही असते. दोहोंतील भेद बाहेरून दिसत नाही. तो मुलालाच विचारावा लागतो, आणि पट्टी पुढे करण्याआधी विचारावा लागतो.