‘किस्मत’मधील चोर आणि प्रेक्षकांचा न्याय

नीतिदृष्ट्या संदिग्ध चित्रपट लोकप्रिय झाला, की प्रेक्षकांची नीतिबुद्धी शिथिल झाली असे मानण्याकडे टीकाकारांचा कल असतो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्यास ‘किस्मत’ हा बोलपट उपयुक्त ठरेल. बॉम्बे टॉकीजने १९४३ साली काढलेला आणि ज्ञान मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. याउलट, मुंबईच्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांनी त्यात गुन्हेगारीचे उदात्तीकरण झाल्याचा आक्षेप घेतला.

हा आक्षेप निराधार नव्हता. अशोककुमार यांनी रंगविलेला शेखर तुरुंगातून सुटताच पुन्हा हात साफ करू लागतो. त्याच्या चोरीत भुकेची अगतिकता नाही. आहे ती कसबी माणसाची सहजता.

तथापि चोरी कोणाच्या घरची, हे पाहिले पाहिजे. शेखर हार पळवितो तो इंद्रजितच्या पत्नीचा. हा इंद्रजित एके काळी राणीच्या वडिलांच्या पदरी होता. आता नाट्यगृह त्याचे असून पायाने अधू झालेली राणी तेथेच पोटासाठी गाते. त्यामुळे कायद्याच्या लेखी जी चोरी, ती प्रेक्षकाच्या हिशेबी जुन्या येण्याची वसुली ठरते. परंतु हा हिशेबही चोख नाही. राणीला अपंगत्व आले ते वडिलांनीच दारूच्या नशेत तिला नाचविल्यामुळे. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तोही निर्दोष नव्हे. राणीची बहीण लीला विवाहापूर्वी गर्भवती होते. तिलाही कथा शासन न करता आश्रय देते.

शेवटी मात्र शेखर हा इंद्रजितचाच हरवलेला मुलगा निघतो. चोर वारस ठरताच ‘ही चोरी न्याय्य होती काय?’ हा प्रश्न उत्तराविनाच मिटतो. प्रेक्षकाने चोरीला मान्यता दिली असे म्हणण्यापेक्षा, विस्कटलेली घडी पुन्हा बसावी या त्याच्या इच्छेला कथेने चोराच्या हातून वाट करून दिली, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

या अनुमानालाही मर्यादा आहे. अनिल विश्वास यांचे संगीत, तसेच १९४२ च्या आंदोलनानंतर अवघ्या वर्षभरात, महायुद्ध चालू असताना, पडद्यावर आलेले कवी प्रदीप यांचे देशभक्तिपर गीत, हीही लोकप्रियतेची कारणे होती. केवळ गाण्यासाठी पुनःपुन्हा येणारा प्रेक्षक आणि शेखरसाठी येणारा प्रेक्षक तिकिटांच्या हिशेबात वेगळे दिसत नाहीत. म्हणून खेळ किती आठवडे चालला, ही प्रेक्षकांच्या नीतीविषयीची साक्ष नव्हे. अभ्यासकाने प्रथम कथेने सहानुभूती कशी रचली ते तपासावे, आणि मगच प्रेक्षकाला दोषी ठरवावे अथवा मुक्त करावे.