'होली' म्हणजे किती?

इंग्रजीत 'पूर्णपणे' या अर्थाची क्रियाविशेषणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी 'होली' या एकाच शब्दाचा येथे विचार करू. अखंड या अर्थाच्या 'होल'पासून तो झाला. आरंभीचा डब्ल्यू उच्चारात येत नाही, म्हणून 'पवित्र' या अर्थाच्या शब्दाशी कानाची गफलत होते. स्पेलिंगमध्ये दोन एल पाहावेत.

'फुली' म्हणजे हवे तितके पुरे झाले. 'होली' म्हणजे बाहेर काहीच उरले नाही. चाकणच्या एखाद्या कारखान्याला 'होली ओन्ड' उपकंपनी म्हटले, तर तिचे सर्व भाग मूळ कंपनीकडेच आहेत असे समजावे.

या शब्दाची खरी ताकद संविधानात दिसते. अनुच्छेद 28 (1) प्रमाणे 'होली' शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. थोडे अनुदान घेणारी खाजगी शाळा या कलमात येत नाही. तेथे संमतीशिवाय सक्ती नाही, एवढाच नियम. उलट अनुच्छेद 15 (2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांविषयी 'होली ऑर पार्टली' असे शब्द आहेत. म्हणजे शासनाचा थोडा पैसा लागला असला तरी जात दाखवून कोणाला अडवता येत नाही. 'पार्टली' नसते, तर "निम्मी विहीर आमच्या वर्गणीची" म्हणायला वाट राहिली असती. ही शंका पोकळ नव्हे. महाडच्या 1927 च्या सत्याग्रहानंतर चवदार तळे खाजगी असल्याचा दावा कोर्टात झालाच होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला 17 मार्च 1937 उजाडला.

आता आपल्या पिंपरी-भोसरीतील कामगारांची गोष्ट. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात दंगा, हिंसा किंवा कामावर असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा केल्यामुळे नोकरी गेल्यास ग्रॅच्युइटी 'होली ऑर पार्शली' जप्त होऊ शकते, असे म्हटले होते. हलगर्जीपणाने नुकसान झाले असेल, तर मात्र नुकसानीपुरतीच रक्कम. पत्रात नुसते 'होली' दिसले की कारण कोणते लावले आहे ते आधी वाचावे, आणि मगच सही करावी.

एक राहिलेच. 'नॉट होली ट्रू' म्हणजे 'साफ खोटे' नव्हे. 'सर्वस्वी खरे नाही', काही भाग खरा आहे. परीक्षेत आणि खात्याच्या चौकशीत, दोन्हीकडे हा फरक महागात पडतो.