घरी बसून नोकरी : आधी जागा, मग संगणक

घरात बसून काम करणे ही आपल्या कारागीर मंडळींना नवी गोष्ट नाही. कोपरगावहून मनमाड रस्त्याने येवल्याला गेले की पैठणी विणणारे माग आजही घराघरांत दिसतात. कापडाच्या धंद्यामुळे अशा घरांतून आमचे पुष्कळ जाणे-येणे झाले. तेथे एक गोष्ट आम्ही नेहमी पाहिली. मागाच्या जागेवर कोणी अंथरूण टाकीत नाही, ताण्यावर कोणी ओले कपडे वाळत घालीत नाही आणि विणकर मागावर बसला की त्याला पीठ दळून आणायला कोणी पाठवीत नाही. माग घरात असला तरी त्याची जागा ठरलेली आणि वेळही ठरलेली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी आपल्या माणसांना घरून काम करायला सांगितले. पुढे अनेकांना परत बोलावले गेले. परंतु हिशेब लिहिणे, भाषांतर, नकाशे व डिझाइन काढणे, ग्राहकांना उत्तरे देणे अशी कितीतरी कामे आजही घरून चालतात. कोपरगावसारख्या गावातील मुलामुलींना ही मोठी संधी आहे. पुण्याला खोलीचे भाडे आणि खानावळ यांत पगाराचा मोठा भाग जातो, तो येथे वाचतो. ज्या घरांतून मुलींना एकटीने शहरात पाठवीत नाहीत, त्या घरांतील शिकलेल्या मुलींना तर हाच एक रस्ता मोकळा असतो. मात्र मागाला जी जागा आपण देतो ती संगणकाला देत नाही, आणि नोकरी तेथेच बिघडते. हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत.

आमची चूक

आमची धाकटी मुलगी बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि पुण्यात एका ठिकाणी हिशेबाच्या कामाला लागली. टाळेबंदीत ती घरी आली व येथूनच काम करू लागली. आम्हाला आनंद झाला. पण तिला आम्ही बसविले कोठे, तर दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, गादीवर मांडीत लॅपटॉप घेऊन. लाइट गेली की काम बंद. पाहुणे आले की आम्ही हाक मारायचो, “बेटी, जरा चहा टाक.” ती उठायची. नाही म्हणाली असती तर आम्हालाच राग आला असता. मुलगी घरात आहे म्हणजे मोकळीच आहे, अशी आमची समजूत होती.

दिवाळीच्या सुमारास तिची नोकरी गेली. काम वेळेवर पोहोचत नाही, असे तिला कळविण्यात आले. आम्ही नशिबाला बोल लावला. तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अब्बा, दुकानात कटपीसलासुद्धा वेगळी मांडणी आहे.” त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

२०२२ मध्ये तिला दुसरीकडे काम मिळाले. त्या वेळी आम्ही आधी कटपीस मिळेल त्या भावाने काढून टाकले आणि ती खोली रिकामी केली. टेबल घरचेच होते. चांगली खुर्ची, वायरिंगची दुरुस्ती, राउटर व त्याची लहान बॅटरी मिळून सुमारे अठरा हजार रुपये लागले. ते काम आजही चालू आहे. त्या खोलीत जे केले आणि जे उशिरा कळले, ते वाचकांसमोर ठेवतो.

जागा आणि उजेड

स्वतंत्र खोली नसेल तर खोलीचा एक कोपरा चालेल. पण तो फक्त कामाचा असावा. मागे भिंत असावी, म्हणजे बैठक चालू असताना घरातली माणसे पडद्यावर दिसत नाहीत. दाराला पडदा लावावा. पडदा ओढलेला असला की काम चालू आहे, हे लहान मुलांनाही चार दिवसांत समजते.

कापडवाल्यांना उजेडाची किंमत सांगायला नको. शेड पाहायची तर तागा आपण बल्बखाली पाहत नाही, दिवसाच्या उजेडात नेतो. संगणकाचे थोडे वेगळे आहे. खिडकी पाठीमागे असली तर पडद्यावर चकाकी येते, समोर असली तर डोळे दिपतात. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे टेबल लावावे.

आमची पिढी गादी-तक्क्यावर बसून वही लिहीत आली. परंतु तेथे मुनीमजींसमोर उतरते डेस्क असायचे. नुसत्या मांडीवर लॅपटॉप ठेवून आठ तास काम केले तर मान आणि कंबर धरते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी, हात टेबलावर ठेवल्यावर कोपर काटकोनात असावे, पाय जमिनीला टेकावेत. लॅपटॉपखाली चार जाड वह्या ठेवून वेगळा की-बोर्ड लावला तरी भागते.

वीज आणि इंटरनेट

आधी अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसरी तार कोठेच जोडलेली नसते. टेबलावरचा संगणक असेल तर त्याला यूपीएस हवाच, कारण साधा इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत तो बंद पडू शकतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. मात्र राउटरला नसते, हे आम्ही विसरलो होतो. लॅपटॉप चालू आणि इंटरनेट बंद, असा प्रकार होत होता.

इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. घट धरून त्यातले हजारेक वॅट-तास हाती येतात. लॅपटॉप, राउटर, एक पंखा व एक दिवा मिळून सुमारे १५० वॅट लागतात. म्हणजे चांगल्या बॅटरीवर सहा-सात तास काम चालते. त्याच इन्व्हर्टरवर घरातले चार पंखे टाकले तर हिशेब कोसळतो.

इंटरनेटची केबल घ्यावी आणि अडीअडचणीला दुसऱ्या कंपनीचे मोबाइल कार्ड ठेवावे. चित्रासह बैठकीला साधारण ३ ते ४ एमबीपीएस वेग पुरतो. पण तो येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही बाजूंनी हवा. राउटर पत्र्याच्या कपाटामागे ठेवू नये. जुन्या घराच्या जाड भिंतीतून लहरी नीट जात नाहीत, तेथे टेबलापर्यंत तार ओढावी.

गोदावरीकाठच्या मंडळींनी आणखी एक काळजी घ्यावी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पूर आपण पाहिले आहेत. यूपीएस, बॅटरी व कागद जमिनीवर ठेवू नयेत आणि कामाची एक प्रत घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात असावी.

वेळ आणि अमानत

कामाची वेळ कागदावर लिहून दाराला लावावी. जेवण आणि नमाज यांची वेळ त्यातच धरावी व काम देणाऱ्यालाही आधी सांगावी. सांगितलेल्या सुट्टीवर सहसा कोणी हरकत घेत नाही, न सांगता उठण्यावर घेतात. काम संपले की संगणक बंद करून उठावे. नाहीतर रात्री अकरा वाजेपर्यंत दुकान उघडेच राहते.

दुसऱ्याचा हिशेब आपल्या घरात आहे, ही अमानत आहे. त्या संगणकावर मुलांनी खेळ खेळू नयेत, पाहुण्यांनी सिनेमा पाहू नये. संकेतशब्द कामाच्या माणसालाच माहीत असावा.

कागदपत्रे

पगारी नोकरी असेल तर नेमणुकीचे पत्र व दरवर्षी फॉर्म १६ मागून घ्यावा. स्वतंत्रपणे काम करीत असल्यास बिले क्रमांकाने द्यावीत आणि बँकेचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. मालाच्या व्यापाऱ्यासाठी आपल्या राज्यात ही मर्यादा ४० लाखांची आहे. फक्त माल परराज्यात पाठवायचा असेल तर आधी सल्लागाराला विचारावे.

घराच्या पत्त्यावरही जीएसटी नोंदणी होते. वीजबिल किंवा घरपट्टीची पावती लागते आणि घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतीपत्र द्यावे लागते. नोंदणीनंतर दारावर नावाची व क्रमांकाची पाटी लावणे बंधनकारक आहे. घरातून व्यवसाय केला की लगेच व्यापारी दराचे वीजबिल येईल, ही भीती अनेकांना असते. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटपर्यंतच्या वापरावर घरगुती दराची सवलत दिलेली आहे. चालू वर्षाची अट महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

फसवणूक

“घरबसल्या टायपिंग करा, महिना तीस हजार कमवा, आधी नोंदणीचे दोन हजार भरा,” असे निरोप मोबाइलवर येतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, एवढा एकच नियम लक्षात ठेवावा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

अठरा हजार रुपये आपल्यापैकी अनेकजण दुकानाच्या एका पाटीवर खर्च करतात. तेव्हा पैशाचा प्रश्न मोठा नाही. प्रश्न घरातल्या मोठ्यांच्या सवयीचा आहे. आमच्या घरी आता पाहुणे आले आणि पडदा ओढलेला असला, तर चहा आम्ही स्वतः टाकतो. पहिल्या दिवशी साखर जास्त पडली होती. आता जमू लागला आहे.