विचारणारा कोणी हवा

दिवाळी आली की आपल्या घरात फराळाचे डबे येतात आणि त्यांच्यामागोमाग दिवाळी अंक येतात. अंकात कथा असते, कविता असते, वार्षिक राशिभविष्य असते, आणि एखाद्या साहित्यिकाची किंवा विचारवंताची मुलाखत हटकून असते. या मुलाखतीचा थाट ठरलेला. लेखक वेताच्या खुर्चीत बसलेले, मागे पुस्तकांचे कपाट, समोर थंड होत चाललेला चहा, आणि पहिला प्रश्न, "आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?" बिचारे लेखक काहीतरी उत्तर देतात. आपण ते वाचतो आणि चकलीचा दुसरा तुकडा मोडतो.

मुलाखतीची मला थट्टा करायची नाही. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात 'साहित्यिकांशी संवाद' हा विषय काढला, की मुले एका सुरात म्हणतात, "सर, साहित्यिक पुण्या-मुंबईला. आपल्याकडे कोणाशी बोलायचे?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला मुलांना बरेच मागे, थेट तेराव्या शतकात न्यावे लागते.

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र'. हा ग्रंथ सिद्ध झाला तो विचारपूस करून! चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, ऐकले होते, त्यांच्याकडे ते गेले. स्वामी काय बोलले, कोठे बोलले, कोणाशी बोलले, हे त्यांनी विचारून घेतले आणि लिहून ठेवले. सांगणाऱ्यांत पंडित होते, तशाच साध्यासुध्या बायाही होत्या. हे काम उभे राहिले आपल्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरच्या आसऱ्याने, आणि त्या लीळांत आमच्या जिल्ह्यातले लोणार आहे, मेहकर आहे. मूळ पोथी पुढे नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी राहिली. त्यांत हिराइसा नावाची एक स्त्री होती. जर्मनीत एकरमान नावाच्या गृहस्थाने वृद्ध गटेशी झालेली संभाषणे लिहून ठेवली आणि १८३६ साली छापली, म्हणून त्याचे नाव जगभर झाले. आमचे म्हाइंभट त्याच्या साडेपाचशे वर्षे आधीचे! तेव्हा मुलाखत ही काही साहेबाकडून आलेली वस्तू नव्हे. मराठी गद्य जवळजवळ तिच्याच मांडीवर वाढले.

आता त्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट ऐका. ती इतकी सुखाची नाही.

१८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. आपल्या नवजात मुलाचा जीव घेतल्याबद्दल तिला फाशी सुनावण्यात आली. पुढे अपिलात ती शिक्षा सौम्य झाली. परंतु वर्तमानपत्रांना एवढे निमित्त पुरले, आणि एकंदर स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. 'पुणे वैभव' त्यात आघाडीवर होते. तिकडे बुलढाण्यात बसून एक बाई हे सारे वाचत होती. तिचे नाव ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्याच सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ साली पुण्यात 'स्त्रीपुरुष तुलना' छापून घेतले. त्यांचा सवाल सरळ होता. जो दोष स्त्रीच्या माथी मारता, तो पुरुषात नाही काय? आणि असेल, तर शिक्षा एकटीलाच का? स्त्रीला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही आणि तिचे पाऊल घसरले की फास आवळायचा, हा कोणता न्याय?

पुस्तक निघाल्यावर काय झाले? टवाळी झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि टवाळखोरांना फटकारले. या पुस्तकाशी त्या काळात कोणी खरे बोलले असेल, तर ते एकटे जोतीराव. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्या बुलढाण्यातच राहिल्या आणि तिथेच गेल्या. पुस्तकही विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापले, तेव्हा कोठे मराठी वाचकाला त्यांची ओळख झाली. १९९४ साली इंग्रजीत भाषांतर झाले आणि परदेशातले अभ्यासक बुलढाण्याचे नाव घेऊ लागले.

या दोन तारखांच्या मध्ये, म्हणजे १८८२ आणि १९७५ च्या मध्ये, त्र्याण्णव वर्षे गेली. या बाईच्या दाराशी जाऊन, "ताराबाई, हे तुम्ही कसे लिहिले? पुढे का लिहिले नाही?" असे विचारणारा एखादा म्हाइंभट निघाला असता तर! एखाद्या वहीची चार पाने भरली असती. पण बाई घरच्याच गावातली. घरच्या माणसाला कोण काय विचारणार?

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हे त्या मानाने भाग्यवान. पेशाने वकील. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली, तबकडी घरोघर वाजली, आणि मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळ जण त्या तबकडीपासून मानतात. कविता महाराष्ट्रभर हिंडली आणि कवी मेहकरलाच राहिला. 'शीळ' याच नावाचा पहिला संग्रह निघाला १९५४ साली, म्हणजे गाणे लोकांच्या ओठी बसल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी. १९८६ साली 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. २००० साली ते गेले. अशा कवीला प्रेरणेचा प्रश्न विचारण्यात काय हशील? "पहिल्या पुस्तकासाठी वीस वर्षे का थांबलात?" असे विचारावे. कोर्टाची तारीख आणि कवितेची ओळ एकाच दिवशी आली तर कोणाला थांबवले जाई, हे विचारावे. प्रश्न असा नेमका असला, की उत्तरही छापील मिळत नाही.

हे सारे सांगून मी एके वर्षी मुलांना दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास दिला. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी एक तास बोलायचे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले तरी चालेल, पण नंतर ते शब्दन्‌शब्द हाताने उतरवून काढायचे. खामगावकडच्या एका मुलीने आजीला निवडले. घरच्यांना गंमत वाटली. वडील म्हणाले, "तिला काय विचारतेस? चौथीही पुरी झालेली नाही तिची." मुलगी हट्टी होती. तिने आजीला ताराबाईंच्या पुस्तकातला मुद्दा आपल्या शब्दांत समजावून सांगितला आणि विचारले, "आजी, तुला हे पटते का?"

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपल्या घरात व्हती ना एक." आजी लग्न होऊन आली तेव्हा मागच्या खोलीत सासऱ्यांची बहीण राहत असे. ही आतेसासू चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. भाच्यांच्या पाटीवर बघून बघून ती अक्षरे शिकली होती, आणि नव्या सुनेला वाचायला तिनेच शिकवले होते, रात्री, चुलीच्या उजेडात. ती गेल्यावर घरात कोणी तिचे नाव काढले नाही. फोटो नाही, श्राद्ध नाही. आजीने त्या दिवशी तिचे नाव सांगितले. मुलीने ते वहीत लिहिले. वडील दारात उभे राहून ऐकत होते. आपल्याला अशी एक आजी होती, हे त्यांना पन्नाशीत कळले! ते आईला म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस." आजी म्हणाली, "मले कोनं इचारलंच नाई, बाप्पा."

ती वही मी तपासली आणि परत दिली. तिला गुण किती दिले, ते महत्त्वाचे नाही. वडिलांनी वहीची प्रत काढून पुण्याच्या भावाला पाठवली, हे मात्र मुलीने मला मुद्दाम येऊन सांगितले.

मोठ्या लेखकांच्या मुलाखती आपण जरूर वाचाव्यात. समाज, संस्कृती, विचार यांवर मोठी माणसे काय म्हणतात, ते कळलेच पाहिजे. पण समाजाचा विचार केवळ व्यासपीठावर होत नाही. तो मागच्या खोलीतही होतो, आणि तिथे ध्वनिक्षेपक नसतो.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत माहेरी जाल, गावी जाल, तेव्हा हा अंक जरा वेळ मिटून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. "तुमच्या वेळी कसे होते?" असे मोघम विचारू नका, त्याला "बरे होते" एवढेच उत्तर मिळते. तुम्हाला वाचायला कोणी शिकवले, या घरात कोणाचे नाव घेत नाहीत, कोणती गोष्ट तुम्हाला तेव्हाही पटली नव्हती, असे काही विचारा. मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो, मध्येच बोलू नका. आणि ऐकलेले त्याच रात्री, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. म्हाइंभटांनी तेच केले होते.