तंबाखू : नाव आणि शास्त्राधार

'धूमपान तर आयुर्वेदातच सांगितले आहे', असे रुग्ण पुष्कळदा म्हणतात. चरकोक्त धूमवर्तीत हरेणुका, प्रियंगु, चंदन, एला आदी द्रव्ये आहेत. तंबाखू नाही, असणे शक्यही नव्हते. ही वनस्पती मूळची अमेरिकेची. तेथून स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत रुळलेला 'ताबाको' हा शब्द आपल्याकडे आला. त्याचेच पुढे 'तमाखु' असे संस्कृत रूप झाले. 'निकोटियाना' हे प्रजातिनाम लिस्बनमधील फ्रेंच राजदूत झाँ निको याच्यावरून पडले; त्याने इ. स. १५६० च्या सुमारास ती औषधी म्हणून फ्रान्सच्या राजदरबारी पाठविली होती. तिच्यातील निकोटिन हे मात्र तीव्र विष व व्यसनाचे मूळ होय. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून केंद्र शासनाची बंदी आहे. औषधालयचालकांनी हे ध्यानी ठेवावे : संस्कृत नावाने द्रव्य शास्त्रोक्त ठरत नाही.