दोन चौकटींचा ‘कर’

शब्दकोड्याची बांधणी : भाग ६

शब्दकोडे रचणाऱ्याला काही शब्द टाळताच येत नाहीत. ‘कर’ हा त्यांतला अगदी नेहमीचा. त्याचे कारण मांडणीत आहे. देवनागरी कोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. आडव्या शब्दात ‘द्धा’ आला, तर त्याला छेदणाऱ्या उभ्या शब्दातही हुबेहूब ‘द्धा’च लागतो, आणि असा शब्द सहजी सापडत नाही. ‘क’ आणि ‘र’ ही मात्र मोकळी अक्षरे आहेत. त्यांतून जाणारे उभे शब्द हवे तितके मिळतात. म्हणून कोपरा अडला की रचणारा ‘कर’वर येतो. शब्द तोच राहणार असेल, तर संकेत दर वेळी नवा हवा. आजचा भाग त्याविषयी.

सगळ्यात सोपा संकेत म्हणजे प्रतिशब्द. ‘हात’ असे लिहिले की झाले. पण दोन चौकटींत ‘हस्त’ बसतो, ‘बाहू’ बसतो, ‘भुजा’ही बसते. उभा शब्द सुटेपर्यंत सोडवणारा अडून राहतो आणि सुटल्यावरही त्याला काही गवसल्यासारखे वाटत नाही. त्याऐवजी ‘हत्तीचा हात’ असे लिहून पाहा. संस्कृतात हत्तीच्या सोंडेला ‘कर’ म्हणतात आणि ज्याला कर आहे तो ‘करी’, म्हणजे हत्ती. खुद्द ‘हत्ती’ हा शब्दही ‘हस्त’वरूनच आलेला. उत्तर सापडल्यावर दोन जुने शब्द एकमेकांना दुजोरा देतात. असा संकेत मला केवळ अवघड संकेतापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

‘किरण’ या अर्थाने संकेत देताना सावध राहावे लागते. सूर्याचे नाव ‘सहस्रकर’, त्यात ‘कर’ म्हणजे किरण. चंद्र ‘शीतकर’, तिथेही तेच. पण ‘दिनकर’मधला ‘कर’ म्हणजे करणारा, दिवस घडवणारा. ‘दिनकराचा किरण’ असा संकेत दिसायला देखणा असला तरी अर्थाने चुकीचा आहे, आणि जाणकाराच्या तो लगेच लक्षात येतो.

सरकारी ‘कर’ तर रोजचाच. ‘शासनाला द्यावा लागतो’ हे वाचून पेन्सिल थांबत नाही. ‘१ जुलै २०१७ रोजी एकाच्या पोटात अनेक गेले’ असे लिहिले, तर वाचणारा क्षणभर थबकतो आणि मग त्याला वस्तू व सेवा कर आठवतो. क्रिकेटच्या वाटेनेही जाता येते. ‘गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर : तिघांचाही शेवट सारखाच’. मन आधी त्यांच्या निवृत्तीकडे धावते, शेवटचे सामने आठवू लागते. उत्तर मात्र आडनावाच्या टोकाला असते. मंगेशीवरून मंगेशकर होतात, तसा गावाला जोडला जाणारा हा ‘कर’ मराठी आणि कोकणी घरांत इतका मुरलेला आहे की तो समोर असूनही चटकन दिसत नाही.

माझा सर्वांत आवडता अर्थ मात्र सणांचा. भोगी, संक्रांत आणि तिसऱ्या दिवशी कर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसालाही मराठवाड्यात, विदर्भात ‘पोळ्याची कर’ म्हणतात. हा शब्द बोलण्यात टिकून आहे, पण शहरातल्या कोड्यांत त्याला फारशी जागा मिळत नाही. ती मिळायला हवी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो अडेल, पण परभणीच्या वाचकाला पहिल्या फटक्यात सुटेल. कोडे सगळ्या महाराष्ट्राचे असेल, तर असे कधी कधी व्हायलाच हवे.

इथे मराठीचा एक खास पेच येतो. भरायचा तो ‘कर’ पुल्लिंगी आणि सणाची ‘कर’ स्त्रीलिंगी. ‘सणानंतर येते’ असे लिहिले की ‘येते’मधूनच लिंग कळते आणि निम्मे कोडे उघड होते. ते झाकायचे असेल तर वाक्य वळवावे लागते : ‘सणाच्या दुसऱ्या दिवसाचे नाव’. पण स्त्रीलिंगी अर्थासाठी ‘येतो’ लिहून चकवणे हा सरळ अन्याय आहे. क्रियापदाच्या अर्थानेही तसेच. उत्तर आज्ञार्थी ‘कर’ असेल, तर संकेतही आज्ञार्थीच हवा : ‘पार पाड’. ‘पार पाडणे’ चालणार नाही.

या शिस्तीचा आग्रह इंग्रजीत झिमेनिस या टोपणनावाने ‘ऑब्झर्व्हर’साठी कोडी रचणाऱ्या डेरिक मॅकनट यांनी धरला आणि १९६६च्या आपल्या पुस्तकात तो सविस्तर मांडला. संकेतात अचूक व्याख्या असावी, शब्दखेळाची प्रामाणिक खूण असावी आणि त्यापलीकडे काही नसावे, हे त्यांच्या मांडणीचे सार. ते मराठीलाही जसेच्या तसे लागू पडते. अक्षरांची उलटापालट मात्र आपल्याकडे तितकी साधत नाही. इंग्रजीत स्वर सुटे असतात, ते कुठेही हलवता येतात. आपल्याकडे ते व्यंजनाला चिकटून येतात. अक्षर गाळणे, लपवणे मात्र छान जमते : ‘चाकराचे पहिले अक्षर गेले, उरला तो तिजोरीत भरा’, किंवा ‘चाकरमान्याच्या पोटातला हात’.

पुढच्या भागासाठी ‘वर’ हा शब्द घेऊ. त्याचे निदान तीन वेगळे अर्थ धरून तीन संकेत लिहून पाहा. प्रत्येकातले लिंग आणि शब्दाची जात मात्र तपासून घ्या.